ब्लॉक डिव्हाइसची कॅशे साफ करताना: क्रम, लॉक आणि तपासण्या

लिनक्सवर एखाद्या डिस्कची कॅशे, म्हणजे तिच्या डेटाची मेमरीतली प्रत, रिकामी करायची म्हटलं की बहुतेक जण ड्रॉप_कॅशेस या कर्नलच्या फाइलमध्ये ३ लिहून मोकळे होतात. हव्या त्या डिस्कची कॅशे त्यानं पुरती जात नाही, बाकीच्या सगळ्या डिस्कांची मात्र जाते, आणि पुढची काही मिनिटं सगळी सिस्टिम रखडते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची चूक वेगळी दिसते: लॉक हातात धरून राइटबॅक (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणं) संपायची वाट बघणं. मुळात दोन्हीकडे क्रमच चुकलेला असतो. आधी डर्टी, म्हणजे बदललेला पण अजून डिस्कवर न गेलेला, डेटा लिहून काढायचा, मग पानांना (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) धरून बसलेले संदर्भ सोडवायचे, मग पानं काढायची, आणि हे सगळं शक्य तेवढ्या लहान पट्ट्यावर (सलग भागावर) करायचं.

कमांड, फाइल आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर आणि कोडमध्ये ती मूळ स्पेलिंगनंच लिहावी लागतील.

## पायरी १: कोणती कॅशे साफ करायची ते आधी ठरवा

एकाच डिस्कचा डेटा कर्नलमध्ये एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो. ही ठिकाणं एकमेकांशी आपोआप जुळवली जात नाहीत. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

- डिव्हाइसचं स्वतःचं मॅपिंग, म्हणजे त्याच्या कॅशेतल्या पानांची नोंदवही. /डेव्ह मधली नोंद उघडून केलेलं वाचन-लेखन इथे जमतं. /प्रॉक/मेमइन्फो मधला "बफर्स" हा आकडा म्हणजे सगळ्या ब्लॉक डिव्हाइसच्या अशा पानांची बेरीज.
- फायलींची मॅपिंग. माउंट केलेल्या फाइल सिस्टिमवरच्या फायलींचा डेटा. तो "कॅश्ड" या आकड्यात मोजला जातो. शेअर्ड मेमरी आणि टीएमपीएफएस (मेमरीतच राहणारी फाइल सिस्टिम) यांची पानंही त्याच आकड्यात येतात, आणि ती कुठल्याही साफसफाईनं जात नाहीत.
- फाइल सिस्टिमचा मेटाडेटा. ईएक्सटी४ आपला मेटाडेटा डिव्हाइसच्या मॅपिंगमध्ये ठेवते, म्हणून तो "बफर्स"मध्ये दिसतो. एक्सएफएसची स्वतःची वेगळी बफर कॅशे आहे. बीटीआरएफएस त्यासाठी एक अंतर्गत आयनोड (फाइलची कर्नलमधली नोंद) वापरते.

याचा थेट परिणाम बघा. ब्लॉकडेव्ह कमांडचा फ्लशबफ्स पर्याय म्हणजे बीएलकेएफएलएसबीयूएफ हा आयऑक्टल (डिव्हाइसला द्यायचा खास आदेश). तो डेटा लिहून काढतो आणि फक्त डिव्हाइसचं मॅपिंग रिकामं करतो. माउंट असलेल्या फायलींची पानं जशीच्या तशी राहतात. त्यामुळे फ्लशबफ्स चालवूनही फाइल झटकन वाचली गेली, तर तो कर्नलचा बग नाही.

सावधान: पूर्ण डिस्क आणि तिच्यावरचं पार्टिशन यांची मॅपिंग वेगवेगळी असतात. पार्टिशनमधून लिहिलेला डेटा पूर्ण डिस्कच्या नोंदीतून वाचला तर जुनी प्रत हाती येऊ शकते. लिहिलं ज्या नोंदीतून, साफही त्याच नोंदीवर करा. दुसऱ्या नोंदीतून वाचणार असाल तर तिचीही कॅशे रिकामी करा.

## पायरी २: चाचणीची जागा नीट तयार करा

खऱ्या डिस्कवर प्रयोग करू नका. एससीएसआय_डीबग मॉड्यूल डेव्ह_साइझ_एमबी=२०४८ देऊन चढवलं की डेटा खरोखर साठवणारं दोन जीबीचं डिव्हाइस मिळतं. त्याचा डिले पर्याय वाढवून राइटबॅक मुद्दाम संथही करता येतो, आणि लॉकचे प्रश्न तेव्हाच उघडे पडतात. नल_बीएलके वापरणार असाल तर मेमरी_बॅक्ड=१ विसरू नका; त्याशिवाय ते डेटा ठेवतच नाही आणि तुमची पडताळणी निरर्थक ठरते. टीएमपीएफएसवरच्या फाइलवर लूप डिव्हाइस (फाइलला डिस्क म्हणून दाखवणारं) बसवलं तर तोच डेटा मेमरीत दोनदा राहतो, म्हणजे मेमरीचं मोजमाप फसतं.

सावधान: जुन्या कर्नलमधल्या रॅम डिस्कवर बीएलकेएफएलएसबीयूएफचा अर्थच वेगळा होता: रॅम डिस्कवरचा सगळा डेटा नष्ट. नव्या कर्नलमधून ही वागणूक काढून टाकली आहे, पण जुनं एम्बेडेड मशीन समोर असेल तर आधी कर्नलची आवृत्ती बघा.

आता एक सापळा. डिव्हाइस शेवटच्या प्रोसेसनं बंद केलं की कर्नल स्वतःच त्याचं मॅपिंग लिहून काढतं आणि पूर्ण रिकामं करतं. म्हणजे डीडीनं (ब्लॉक कॉपी करणारी कमांड) एक जीबी वाचला, डीडी संपला, आणि दुसरं कुणी डिव्हाइस उघडलेलं नसेल, तर त्या क्षणी कॅशे शून्य झालेली असते. त्यानंतर तुम्ही जी "साफसफाई" मोजता ती रिकाम्या मॅपिंगची असते. ती अर्थातच फार वेगवान दिसते.

म्हणून चाचणीआधी शेलमध्ये एक्झेक वापरून ९ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर डिव्हाइस फक्त वाचनासाठी उघडून ठेवा. मग डीडीनं १ एमबीच्या ब्लॉकनं १०२४ ब्लॉक वाचा.

तपासा: वाचनाआधी आणि नंतर "बफर्स" मध्ये साधारण १०,४८,५७६ केबीचा फरक पडला पाहिजे. पडला नाही तर डिव्हाइस उघडं राहिलेलं नाही, किंवा वाचन डायरेक्ट आयओनं (कॅशे टाळून) झालं आहे. पुढे जाऊ नका.

उलट बाजूनंही एक गोष्ट लक्षात असू द्या. लिहिण्यासाठी उघडलेलं डिव्हाइस बंद झालं की यूडेव्ह (डिव्हाइसच्या नोंदी सांभाळणारी सेवा) ते पुन्हा तपासतो आणि थोडी पानं परत भरतो. साफसफाईनंतर काहीशे केबी उरलेले दिसले तर त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

## पायरी ३: डर्टी पानं आधी लिहून काढा

इन्व्हॅलिडेशन, म्हणजे सौम्य प्रकारची साफसफाई, चार प्रकारच्या पानांना हात लावत नाही: डर्टी, लॉक असलेली, राइटबॅक चालू असलेली आणि कुठल्या तरी प्रोसेसच्या पत्त्यांत मॅप झालेली. यातली पहिली आणि तिसरी तुमच्या हातात आहेत, म्हणून लिहून काढणं नेहमी आधी.

लिहायला किती वेळ लागेल याचा हिशोब सुरुवातीलाच करा. मेमइन्फोमधला "डर्टी" आकडा ६ जीबी आहे आणि डिस्क सेकंदाला १५० एमबी लिहिते, तर सुमारे ४० सेकंद. हा वेळ तुमच्या साफसफाईच्या कोडनं खाल्ला असं प्रोफाइलमध्ये दिसतं, पण तो डिस्कचा वेळ आहे. फंक्शनं कितीही घासूनपुसून काढली तरी तो कमी होणार नाही. तो आधीच विभागून ठेवावा लागतो:

१. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो मूळ १० असतो आणि डर्टी_रेशो २०. मोठ्या मेमरीच्या मशीनवर टक्केवारी फार ढोबळ पडते. तिथे डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ठरवून द्या, उदाहरणार्थ २५६ एमबी. बाइट्सचा पर्याय लिहिला की त्याच्या जोडीचा टक्केवारीचा पर्याय शून्य होतो. दोन्ही एकत्र चालत नाहीत.
२. डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स मूळ ३००० असतो, म्हणजे ३० सेकंद. लिहिण्याचा भार सतत असेल तर तो कमी केल्यानं ऐन साफसफाईच्या वेळचा ढीग लहान होतो.
३. संथ यूएसबी डिस्क एकटीच सगळा डर्टी कोटा अडवत असेल तर /सिस/क्लास/बीडीआय खालच्या तिच्या नोंदीत मॅक्स_रेशो कमी करा. मूळ किंमत १०० असते.

व्हीएफएस_कॅशे_प्रेशर या यादीत नाही, आणि ते मुद्दाम. तो पर्याय डेन्ट्री (फायलींच्या नावांच्या नोंदी) आणि आयनोड यांच्या स्लॅबसाठी (अशा लहान नोंदींच्या मेमरीसाठी) आहे. ब्लॉक डिव्हाइसच्या पानांसाठी तो १०० वरून २०० करण्याचे सल्ले वाचून लोक दिवस घालवतात.

सावधान: "कॅशेतून गेलं" आणि "डिस्कवर पक्कं झालं" या दोन गोष्टी आहेत. कच्च्या डिव्हाइसवर बीएलकेएफएलएसबीयूएफ पानं डिस्ककडे पाठवतो, पण डिस्कच्या स्वतःच्या राइट कॅशेला फ्लशचा आदेश देत नाही. तो आदेश एफसिंक देतं. वीज जाण्याची भीती असेल तिथे आधी एफसिंक, मग साफसफाई.

## पायरी ४: यूजरस्पेसमधून साफ करताना सर्वांत अरुंद हत्यार निवडा

फायलीचा किंवा डिव्हाइसचा एक पट्टा. पॉसिक्स_एफअॅडव्हाइज आणि डोन्टनीड सूचना. बॅकअपसारखा प्रोग्रॅम जो डेटा एकदा वाचून पुढे सरकतो, त्याच्यासाठी हेच योग्य. ६४ एमबीचे तुकडे पाडा. नवा तुकडा वाचून झाला की त्याच्या आधीच्या तुकड्याला डोन्टनीड द्या. चालू तुकड्याला नको, कारण रीडअहेडनं (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवण्यानं) आणलेली पानं अजून वापरात येत असतात.

लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यात एक टप्पा वाढतो. चालू तुकड्यावर सिंक_फाइल_रेंजनं लेखन सुरू करून द्या, मागच्या तुकड्याचं लेखन पूर्ण व्हायची वाट बघा, आणि मग मागच्या तुकड्याला डोन्टनीड द्या. डिस्क आणि प्रोग्रॅम अशा रीतीनं एकाच वेळी कामात राहतात. डोन्टनीड आधी आणि सिंक नंतर केलं तर डर्टी पानं तशीच राहतात आणि फंक्शन तरीही ० परत देतं. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

पट्ट्याच्या दोन्ही कडा पानाच्या मापाला जुळवा, बहुतेक मशीनवर ४०९६ बाइट्स. कडेचं अर्धवट पान सोडून दिलं जातं. लांबी ० दिली तर अर्थ "शेवटपर्यंत" असा होतो. लांबी मोजणाऱ्या चलात चुकून शून्य राहिलं की तिथून पुढची सगळी कॅशे जाते.

एक पूर्ण डिव्हाइस. ब्लॉकडेव्ह फ्लशबफ्स. सिस_अॅडमिन क्षमता लागते.

एका सीग्रुपपुरती (प्रोसेसच्या एका गटापुरती) मेमरी. मेमरी.रीक्लेम या फाइलमध्ये हवा तो आकार लिहा. कर्नल ५.१९ पासून ही सोय आहे. मागितलं तेवढं मोकळं झालं नाही तर ईअगेन (पुन्हा प्रयत्न करा) हा एरर मिळतो. त्यावर आंधळेपणानं पुन्हापुन्हा लिहीत बसणारी स्क्रिप्ट सीपीयू जाळते.

सगळी सिस्टिम. ड्रॉप_कॅशेस. बेंचमार्कसाठी ठीक, पण तिथेही १ पुरतो. ३ लिहिलं की डेन्ट्री आणि आयनोडही जातात आणि पुढच्या वाचनात नावं शोधण्याचा खर्च मिसळतो. मग तुम्ही डिस्क मोजताय की डिरेक्टरी, हे कळत नाही. क्रॉनमध्ये दर तासाला हे चालवणारी मशीनं आजही सर्रास दिसतात. मेमरी "मोकळी" दिसावी एवढाच त्याचा हेतू असतो. तेवढ्यासाठी काल डिस्कवरून आणलेला डेटा आज पुन्हा आणावा लागतो.

## पायरी ५: कर्नल कोडमध्ये पाच टप्पे, याच क्रमानं

इथे घाई चालत नाही. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा अडथळा काढून देतो.

५.१ लॉकच्या बाहेर लेखन. सिंक_ब्लॉकडेव्ह (डिव्हाइसची डर्टी पानं लिहून काढणारं फंक्शन) हे ओपन_म्यूटेक्स (डिव्हाइस उघडताना-बंद करताना घ्यायचं लॉक) घेण्याआधी बोलवा. वरच्या हिशोबातले ४० सेकंद म्यूटेक्सच्या आत गेले, तर तेवढा वेळ यूडेव्ह, बीएलकेआयडी (डिस्कवर काय आहे ते ओळखणारी कमांड) आणि डिव्हाइस उघडू पाहणारा प्रत्येक जण डी अवस्थेत (मधे तोडता न येणाऱ्या झोपेत) अडकतो. १२० सेकंदांनंतर हंग टास्कचा इशाराही येतो. डिव्हाइस बंद करतानाचा कर्नलचा स्वतःचा कोड हेच करतो: आपण शेवटचे वापरकर्ते दिसतोय असं वाटलं की लॉकआधीच एकदा सिंक करून घेतो, आणि लॉकच्या आत पुन्हा सिंक करतो. दुसऱ्या वेळी लिहायला जवळपास काही उरलेलं नसतं. दोनदा सिंक बघून "ही पुनरुक्ती काढूया" असा पॅच पाठवू नका. पहिला वेगासाठी आहे, दुसरा अचूकतेसाठी.

५.२ रिकामं असेल तर लगेच परत. मॅपिंगमध्ये एकही पान नसेल तर पुढचे टप्पे वाया जातात, आणि ते स्वस्त नाहीत. मॅपिंग_एम्प्टी ही तपासणी शॅडो नोंदीही (गेलेल्या पानांच्या जागी ठेवलेल्या खुणा) धरते, एनआरपेजेस फक्त पानं मोजतं. डिव्हाइसच नष्ट होणार असेल तर पहिली वापरा, नुसती पानं काढायची असतील तर दुसरी.

५.३ बफर हेडची एलआरयू रिकामी करा. बफर हेड म्हणजे पानातल्या एकेका डिस्क ब्लॉकची नोंद. प्रत्येक सीपीयूकडे अलीकडे वापरलेल्या १६ बफर हेडची छोटी यादी (एलआरयू) असते, आणि यादीतला प्रत्येक बफर हेड आपल्या पानाला धरून ठेवतो. ही यादी रिकामी केल्याशिवाय इन्व्हॅलिडेशन केलं तर काही पानं "वापरात आहेत" म्हणून उरतात. नेमकी कोणती, हे दर वेळी बदलतं. इन्व्हॅलिडेट_बीएच_एलआरयूज यासाठी आहे. ज्या सीपीयूच्या यादीत काही आहे त्यांनाच ते इंटरप्ट पाठवतं, पण १२८ सीपीयूंच्या व्यस्त मशीनवर तेही थोडे नसतात.

५.४ पानांचे प्रति-सीपीयू गठ्ठे सोडवा. पानांचीही अशीच एक मोठी एलआरयू यादी असते; तिच्यात घालायची पानं आधी प्रत्येक सीपीयूच्या लहान गठ्ठ्यात थांबतात. पूर्वी गठ्ठा १५ पानांचा होता, नव्या कर्नलमध्ये ३१ चा आहे. एलआरयू_अॅड_ड्रेन_ऑल संबंधित सीपीयूंवर काम टाकतं आणि ते संपायची वाट बघतं. एखाद्या सीपीयूवर रिअल-टाइम टास्क ठाण मांडून बसला असेल तर ही वाट लांबते. हे फंक्शन झोपतं, त्यामुळे स्पिनलॉकखाली किंवा इंटरप्टच्या संदर्भात ते चालत नाही.

५.५ पानं काढा. हेतूप्रमाणे फंक्शन बदलतं:

- इन्व्हॅलिडेट_बीडेव्ह: ५.३ आणि ५.४ स्वतःच करून मग सौम्य साफसफाई करतं. अडलेली पानं मुकाट सोडून देतं.
- इन्व्हॅलिडेट_आयनोड_पेजेस२_रेंज: मॅप झालेली पानंही सोडवतं आणि काही उरलं तर ईबिझी (वापरात आहे) हा एरर परत देतं. कॅशेत जुना डेटा राहिलेला चालणार नसेल तर हेच, आणि परतलेली किंमत तपासलीच पाहिजे.
- ट्रंकेट_आयनोड_पेजेस: डर्टी पानंही फेकतं. डेटा कायमचा जातो. डिव्हाइस बंद होताना किंवा त्या पट्ट्याला अर्थच उरलेला नसतानाच वापरा.

सावधान: पट्ट्याच्या फंक्शनांमध्ये शेवटचा आकडा समावेशक असतो. सुरुवात अधिक लांबी असं लिहिलं आणि वजा १ विसरलात, तर शेजारच्या पानावर गदा येते. ट्रंकेटमध्ये ही चूक म्हणजे दुसऱ्याचा न लिहिलेला डेटा गेला.

डिस्कार्ड (हा पट्टा आता नको असं डिस्कला सांगणं) किंवा शून्यलेखन करताना आणखी एक अट आहे. कॅशे काढणं आणि डिव्हाइसला आदेश देणं या दोन्हीभर मॅपिंगचं इन्व्हॅलिडेट लॉक धरून ठेवा. मधे ते सुटलं तर समांतर वाचक जुना डेटा पुन्हा कॅशेत आणतो. डिस्कवर शून्य आणि कॅशेत जुनं, असं चित्र उरतं.

डिव्हाइस अचानक काढून घेतलं गेलं असेल तर ५.१ चा उपयोग नाही. आधी बीएलके_मार्क_डिस्क_डेड बोलवा म्हणजे अडकलेलं लेखन लगेच एरर घेऊन परततं. नाहीतर एससीएसआयवर प्रत्येक कमांडच्या ३० सेकंदांच्या टाइमआउटची रांग लागते.

## पायरी ६: अनेक डिव्हाइस एकत्र साफ करताना

आठ पार्टिशनांवर लूप फिरवून प्रत्येकासाठी सिंक_ब्लॉकडेव्ह आणि इन्व्हॅलिडेट_बीडेव्ह बोलवणं हा सगळ्यात महाग मार्ग. प्रत्येक लेखनाची वाट एकामागून एक, इंटरप्टच्या आठ फेऱ्या, गठ्ठे सोडवण्याच्या आठ फेऱ्या. त्याऐवजी:

१. सगळ्यांवर सिंक_ब्लॉकडेव्ह_नोवेट फिरवा. लेखन सुरू होतं, वाट बघितली जात नाही.
२. दुसऱ्या फेरीत सगळ्यांवर सिंक_ब्लॉकडेव्ह. वेगवेगळ्या डिस्क असतील तर एकूण वेळ सर्वांत संथ डिस्कएवढाच लागतो.
३. बफर हेडची एलआरयू आणि गठ्ठे एकदाच सोडवा.
४. मग प्रत्येक मॅपिंगवर इन्व्हॅलिडेट_मॅपिंग_पेजेस.

या यादीतल्या पहिल्या दोन पायऱ्या सिंक सिस्टिम कॉलही याच पद्धतीनं करतो. पार्टिशनं एकाच फिरत्या डिस्कवर असतील तर मात्र समांतर लेखनानं फायदा थोडाच होतो, फार तर शेड्यूलरला क्रम लावायला वाव मिळतो.

सावधान: वरच्या यादीतली तिसरी आणि चौथी पायरी यांच्यात डिव्हाइस वापरात असेल तर याद्या पुन्हा भरतात. काही पानं उरली तर एकदा पुनरावृत्ती करा. "शून्य होईपर्यंत" असा लूप लिहू नका. माउंट असलेल्या ईएक्सटी४ मध्ये जर्नलनं धरलेले बफर कधीच सुटणार नाहीत आणि लूप संपणार नाही.

स्वतःचा लूप लिहिलाच तर त्यात कॉन्ड_रीशेड हवं. ६४ जीबीच्या कॅशेत ४ केबीची १,६७,७७,२१६ पानं असतात. १५ च्या गठ्ठ्यानं ते ११ लाखांहून जास्त फेरे होतात. मधे सीपीयू सोडला नाही तर मूळ सेटिंगवर २० सेकंदांनी सॉफ्ट लॉकअपचा इशारा येतो.

## पायरी ७: मोजताना कुठले आकडे खोटं बोलतात

वेळ मोजायला एफट्रेसचा (कर्नलमधली फंक्शनं नोंदणारी सोय) फंक्शन_ग्राफ इन्व्हॅलिडेट_बीडेव्हवर लावा. आत एलआरयू_अॅड_ड्रेन_ऑल किती वेळ घेतं आणि प्रत्यक्ष पानं काढायला किती, ते वेगळं दिसतं. पानं थोडी असतील आणि तरी वेळ जास्त लागत असेल, तर दोष पायरी ५.४ मध्ये शोधा: कुठला तरी सीपीयू उत्तर द्यायला उशीर करतोय. वेळ पानांच्या संख्येबरोबर वाढत असेल तर पट्टा लहान करा.

कुठल्या डिव्हाइसची पानं गेली हे बघायला एमएम_फाइलमॅप_डिलीट_फ्रॉम_पेज_कॅशे हा ट्रेसपॉइंट आहे. त्यात डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक येतो. ६.५ आणि पुढच्या कर्नलवर कॅशेस्टॅट हा सिस्टिम कॉल एका उघड्या फाइलची कॅशेतली, डर्टी आणि राइटबॅकमधली पानं थेट मोजून देतो. "बफर्स"सारख्या एकत्रित आकड्यापेक्षा तो कितीतरी विश्वासू.

आता फसवणारा आकडा. उपयोगाची पानं काढली गेली का, हे बघायला बरेच जण व्हीएमस्टॅटमधला वर्किंगसेट_रीफॉल्ट_फाइल बघतात. मेमरीच्या टंचाईमुळे पान गेलं तर कर्नल त्याच्या जागी शॅडो नोंद ठेवतं आणि पान परतलं की हा आकडा वाढतो. इन्व्हॅलिडेशननं काढलेल्या पानाच्या जागी मात्र शॅडो ठेवली जात नाही. तुम्ही सगळा कामाचा डेटा हाकलून दिला तरी हा आकडा ढिम्म हलत नाही. त्याऐवजी पीजीपीजीइन (डिस्कवरून वाचून आणलेला डेटा) किती वाढतो ते बघा, आयओस्टॅटमधलं त्या डिस्कचं वाचन बघा, आणि /प्रॉक/प्रेशर/आयओ मधला दाब साफसफाईआधीच्या पाच मिनिटांशी ताडून बघा.

तपासा: साफसफाईनंतर वाचन वाढलं आणि त्याच डिव्हाइसवर वाढलं, तर पट्टा चुकला आहे, पायरी ४ कडे परत जा. वाचन दुसऱ्या डिव्हाइसवर वाढलं, तर कुठल्या तरी स्क्रिप्टमध्ये अजून ड्रॉप_कॅशेस शिल्लक आहे. व्हीएमस्टॅटमधला ड्रॉप_पेजकॅशे हा आकडा प्रत्येक वापरागणिक एकनं वाढतो, आणि कर्नल लॉगमध्ये तो वापरणाऱ्या प्रोसेसचं नावही येतं. कुणी मुद्दाम ४ लिहून ते संदेश बंद केलेले असतील तर लॉगवर विसंबू नका, आकडाच बघा.